लिनक्सवरील डीएनएस: आधी दुरुस्ती, मग राखण

वाय-फायचे चिन्ह व्यवस्थित दिसते आहे, राउटरवरचे दिवे लुकलुकत आहेत आणि तरीही ब्राउझर एकही संकेतस्थळ उघडत नाही, ही लिनक्स वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. पुष्कळदा अशा वेळी बिघाड जोडणीत नसून डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत असतो. १९८०च्या दशकात आखलेल्या या यंत्रणेत गोपनीयतेचा विचार झालेला नव्हता. आजही बहुतेक संगणकांवरून ही विचारणा ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांकित दार) उघड्या मजकुरात जाते, त्यामुळे आपण कोणती नावे विचारली हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला सहज वाचता येते. बिघाड आणि गळती एकाच जागी असल्याने दोन्ही कामे एका बैठकीत उरकावीत. खाली देवनागरीत दिलेल्या आज्ञा आणि अंक टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे आहेत.

आधी दोष कुठे आहे ते निश्चित करावे. टर्मिनलमध्ये 'पिंग ९.९.९.९' अशी आज्ञा द्यावी; हा क्वाड९ या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता आहे. उत्तरे येऊ लागली तर जोडणी, राउटर आणि बाहेरची लाइन ठीक आहे. मग त्याच आज्ञेला आकड्यांऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्यावे. तेव्हा 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' असा संदेश आला, तर दोष डीएनएसचाच आहे. पहिल्याच आज्ञेला 'नेटवर्क इज अनरीचेबल' असे उत्तर मिळाले, तर मात्र पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही; आधी राउटरकडून संगणकाला आयपी पत्ता मिळतो आहे का, ते 'एनएमसीएलआय डिव्हाइस शो' या आज्ञेने पाहावे.

उबुंटू, लिनक्स मिंट आणि आवृत्ती ३३पासूनच्या फेडोरामध्ये हे काम 'सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड' ही सेवा करते. डेबियन १२मध्ये ती वेगळे पॅकेज म्हणून बसवावी लागते. संगणकावरील प्रोग्रॅम आपली विचारणा १२७.०.०.५३ या संगणकातल्याच पत्त्यावर करतात आणि तिथून ही सेवा ती बाहेर पाठवते. तिची सद्यःस्थिती 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' या आज्ञेने दिसते. त्या उत्तरात 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ मोड' अशी एक ओळ असते. तिथे 'स्टब' असेल तर घडी नीट आहे. 'फॉरिन' असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने, बहुधा एखाद्या व्हीपीएनने (आपली रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेने), 'ईटीसी' फोल्डरातली 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाइल परस्पर बदलली आहे. अशा वेळी ती फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवून तिच्या जागी 'रन' फोल्डरातील 'सिस्टमडी', त्यातील 'रिझॉल्व्ह' आणि त्यातील 'स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलकडे नेणारी सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण, 'एलएन -एस' या आज्ञेने पुन्हा तयार करावी. याच फाइलमध्ये हाताने ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहून मोकळे व्हा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नये, कारण असा बदल अनेकदा पुढच्या जोडणीला पुसला जातो आणि टिकला तरी विचारणा उघडीच राहते.

आता राखणीचे काम. २०१६ साली प्रमाणित झालेल्या 'डीएनएस ओव्हर टीएलएस' या पद्धतीत हीच विचारणा ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून कूटबद्ध होऊन जाते आणि 'सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड'ला ती येते. 'ईटीसी'मधील 'सिस्टमडी' फोल्डरात 'रिझॉल्व्ह्ड डॉट कॉन्फ डॉट डी' या नावाचा फोल्डर नसल्यास करावा आणि त्यात 'डॉट कॉन्फ'ने संपणारी स्वतःची एक फाइल ठेवावी. मूळ फाइलला हात लावू नये, म्हणजे चुकले तर आपली फाइल काढून टाकली की झाले. चौकटी कंसातल्या 'रिझॉल्व्ह' या शीर्षकाखाली त्यात तीन ओळी लागतात. 'डीएनएस' या चावीपुढे, म्हणजे सेटिंगच्या नावापुढे, बरोबरचे चिन्ह देऊन '९.९.९.९#डीएनएस.क्वाड९.नेट' लिहावे, हॅशनंतरचे नाव गाळू नये, कारण सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र त्याच नावाशी ताडून पाहिले जाते. 'डीएनएसओव्हरटीएलएस' या चावीपुढे 'येस' लिहावे. तिसऱ्या ओळीत 'डोमेन्स' या चावीपुढे टिल्ड (~) आणि त्याला लागून पूर्णविराम द्यावा. ही तिसरी ओळ लोक विसरतात, आणि मग राउटरने सुचवलेला सर्व्हरही वापरात राहून सगळा खटाटोप अर्धवट ठरतो. शेवटी 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड' ही आज्ञा देऊन सेवा नव्याने सुरू करावी.

'येस'ऐवजी 'ऑपॉर्च्युनिस्टिक' असाही पर्याय आहे. त्यात कूटबद्ध जोडणी जमली नाही तर सेवा निमूटपणे उघड्या विचारणेवर उतरते आणि प्रमाणपत्रही तपासत नाही. ज्याला आपली विचारणा वाचायची आहे त्याने ८५३ पोर्ट अडवले की काम झाले; म्हणून हा पर्याय मला पटत नाही. क्वाड९ निवडण्याचे कारण असे की ती स्वित्झर्लंडमधील ना-नफा संस्था आहे. तरी विश्वास नाहीसा होत नाही, तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, याचे भान ठेवावे.

बदल खरोखर लागू झाला का, हे पाहिल्याशिवाय उठू नये. 'रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी' या आज्ञेला संकेतस्थळाचे नाव दिले की नव्या आवृत्त्यांमध्ये उत्तराच्या तळाशी माहिती स्थानिक किंवा कूटबद्ध मार्गाने मिळाली की नाही, हे 'येस' किंवा 'नो' असे लिहून येते. अधिक खात्री हवी असेल तर नेटवर्कवरची रहदारी दाखवणाऱ्या 'टीसीपीडम्प' या प्रोग्रॅमने ५३ पोर्टवर नजर ठेवावी. इथे एक खाचखळगा आहे: इंटरफेस (नेटवर्कशी जोडणारा मार्ग) म्हणून 'एनी' दिले, तर १२७.०.०.५३ कडे जाणारी संगणकातल्या संगणकातली विचारणाही पडद्यावर उघड्या मजकुरात धावू लागते आणि नवखा माणूस घाबरतो. म्हणून फक्त वाय-फायच्या इंटरफेसचे नाव द्यावे आणि दुसऱ्या खिडकीत चार-दोन संकेतस्थळांची नावे विचारून पाहावीत. ५३वर शांतता आणि ८५३वर हालचाल दिसली की काम फत्ते.

फायरफॉक्सचा हिशेब मात्र निराळा आहे. 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' ही २०१८ची पद्धत त्यात अंगचीच आहे आणि ती चालू असेल तर ब्राउझर वरची सगळी व्यवस्था ओलांडून स्वतःच्या मार्गाने विचारणा करतो. ब्राउझरमध्ये सगळे उघडते पण पॅकेज अद्ययावत होत नाहीत, असे दिसले तर कारण बहुधा हेच असते: संगणकाचे डीएनएस बंद पडले आहे आणि ब्राउझरला त्याची गरजच नाही. घरच्या संगणकावर दोन्हींकडे एकच सर्व्हर ठेवावा, म्हणजे आपली यादी दोन कंपन्यांकडे विखुरत नाही.

एवढे करून काय झाकले जात नाही, तेही स्पष्ट असावे. आपण ज्या आयपी पत्त्याशी जोडलो जातो तो पुरवठादाराला दिसतोच, आणि जोडणीच्या पहिल्या संदेशात संकेतस्थळाचे नावही बहुतेक वेळा उघडेच असते. ते झाकणारी 'ईसीएच' ही पद्धत फायरफॉक्समध्ये आली असली, तरी समोरच्या सर्व्हरनेही ती स्वीकारलेली असावी लागते. व्हीपीएन हा त्यावरचा सरसकट उतारा समजू नये. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांचे तपशील पाच वर्षे जपून ठेवायचे आहेत.

राहिले या व्यवस्थेचे स्वतःचे बिघाड. हॉटेल किंवा रेल्वे स्थानकाच्या वाय-फायवर लॉगिनचे पान उघडत नसेल, तर आपल्या फाइलच्या नावातील 'डॉट कॉन्फ' तात्पुरते काढून सेवा पुन्हा सुरू करावी, लॉगिन करावे आणि नाव पूर्ववत करावे. एखादेच संकेतस्थळ सापडत नसेल, तर क्वाड९ने ते धोकादायक म्हणून अडवलेले असू शकते. गाळणी नसलेल्या ९.९.९.१० या पत्त्यावर विचारून शहानिशा होते. सर्वांत चक्रावून टाकणारा प्रकार जुन्या लॅपटॉपवर होतो. मदरबोर्डवरील बटण-बॅटरी, जी अनेकदा सीआर२०३२ असते, संपली की घड्याळ मागे राहते. महिनोन्‌महिने कपाटात पडलेला संगणक सुरू केला तर सर्व्हरचे प्रमाणपत्र त्या घड्याळाच्या लेखी अजून लागूच झालेले नसते, म्हणून डीएनएस नकार देते. आणि वेळ जुळवणाऱ्या सर्व्हरचे नाव शोधायला डीएनएसच लागत असल्याने घड्याळही दुरुस्त होत नाही. प्रणालीच्या नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल' या आज्ञेत प्रमाणपत्राची तक्रार दिसली, तर आधी 'डेट' ही आज्ञा देऊन तारीख पाहावी. ती चुकली असल्यास 'सुडो डेट -एस' पुढे अवतरणचिन्हांत आजची तारीख आणि वेळ देऊन सेवा पुन्हा सुरू करावी, आणि सवडीने ती बॅटरी बदलून घ्यावी.