पीठ बदललं, तरी साखर उतरत नाही? मधुमेहात या चुका टाळा

गव्हाच्या पोळ्या बंद केल्या, ज्वारीची भाकरी सुरू केली, महिना उलटला आणि जेवणानंतरची साखर होती तिथेच. अशा वेळी लोक ज्वारीला दोष देऊन नाचणीकडे वळतात. दोष बहुधा धान्याचा नसतो. १०० ग्रॅम कणकेत साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर ज्यांची साखर होते ती) असतात. ज्वारी-नाचणीतही जवळपास तेवढीच, बाजरीत जराशी कमी, तांदळाच्या पिठात ८०च्या आसपास. त्यामुळे कोणतं पीठ, याइतकंच किती पीठ हेही विचारायला हवं.

नग मोजणं. ‘तीन पोळ्यांऐवजी दोनच भाकऱ्या खातो’ हे ऐकायला पथ्याचं वाटतं. आता वजन करून बघा. पातळ फुलक्याला सुमारे २५ ग्रॅम पीठ लागतं, हातावर थापलेल्या जाडसर भाकरीला सहज ७०. तीन फुलक्यांचं पीठ ७५ ग्रॅम, दोन भाकऱ्यांचं १४०. कर्बोदकं जवळजवळ दुप्पट झाली! वजन कोरड्या पिठाचंच करा. मळलेल्या गोळ्यात पाणी असतं, आणि भाकरीच्या पिठात ते कणकेपेक्षा जास्त मुरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवडाभर पीठ मोजून घेतलं की पुढे वाटीचा अंदाज पक्का बसतो. एका जेवणाला किती पीठ, हा आकडा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. वजन, काम आणि औषधं यांप्रमाणे तो बदलतो.

धान्य चांगलं, रूप चुकीचं. नाचणीची भाकरी आणि नाचणीची पातळ पेज यांत पीठ एकच, पण पेजेतला स्टार्च पाण्यात पूर्ण फुगून शिजलेला असतो, चावावं लागत नाही, पोटातून लवकर पुढे सरकतो. साखर झपाट्याने चढते. कॅल्शियमसाठी नाचणी उत्तमच, फक्त ती भाकरीच्या रूपात घ्या. दळणाचंही तसंच आहे: पीठ जितकं बारीक, तितकं पचायला सोपं. थोडं जाडसर दळून आणा. आणि बारीक चाळणीने चाळू नका, त्यात कोंडा निघून जातो. कोंडा गेला की तंतू गेले. धान्य दळणाआधीच नीट निवडून घेतलं, तर चाळायची गरज फारशी उरत नाही.

‘मल्टिग्रेन’ या शब्दावर विसंबणं. गहू, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी एकत्र केली तरी ती सगळी धान्यंच. पाकिटावरच्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. गहू पहिला आणि बाकीची नावं शेवटी चिमटीभर असतील, तर ती जवळपास कणीकच आहे. खरा फरक डाळीच्या पिठाने पडतो. ७०० ग्रॅम कणकेत ३०० ग्रॅम हरभऱ्याचं पीठ घातलं, तर १०० ग्रॅममधली प्रथिनं साधारण ११ वरून १४ ग्रॅमवर जातात आणि कर्बोदकं ७० वरून ६५ च्या आसपास येतात. फार मोठी उडी नाही, पण जेवण पोटात जास्त टिकतं.

एकदम ३० टक्के घातलं की मात्र पोट फुगतं, पोळी कोरडी होते आणि घरातले चार दिवसांत कंटाळतात. १० टक्क्यांपासून सुरू करा, दर आठवड्याला वाढवा. पीठ चिकट होत असेल तर पाणी बेताने घालून घट्ट मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळीचं किंवा सोयाबीनचं पीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. प्रथिनांचं प्रमाण त्यांना जपावं लागतं.

बाजरीचं पीठ कडू लागलं की मुळात धान्यच आवडत नाही असं समजू नका. बाजरीत तेल जास्त, म्हणून पीठ लवकर खवट होतं. आठवड्यापुरतंच दळा, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा.

मध आणि गूळ साखरेइतकेच मोजा. ‘शुगर फ्री’ बिस्किटात बहुधा मैदा असतो.

औषध तेच ठेवून पीठ एकदम कमी करणं. ही चूक धोक्याची आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवणातली कर्बोदकं अचानक निम्मी केली, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. हातापायांना कंप, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. लगेच १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तेव्हा भाकरी खाऊन उपयोग नाही, ती फार हळू पचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, तातडीने दवाखाना गाठा. आहार बदलण्याआधीच औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला.

एकाच तपासणीवरून निकाल लावणं. ग्लुकोमीटरचा आकडा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. प्रत्यक्षात २०० असलेली साखर यंत्र १७० किंवा २३० दाखवू शकतं. दोन पिठांची तुलना करायची तर पिठाचं वजन तेच, भाजी-आमटी तीच, वेळ तीच ठेवा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा; प्रत्येक पिठासाठी निदान तीन दिवस. वहीत दोन आकड्यांमधली वाढ लिहा, शेजारी पिठाचे ग्रॅम. वाढ सतत जास्त येत असेल, तर आधी पीठ १० ग्रॅमने कमी करून त्या जागी भाजी वाढवा, ती भाकरीच्या आधी खा, आणि मग पुन्हा तीन दिवस मोजा.