‘ईव्हन’ वापरताना या चुका टाळा

मैत्रीण म्हणते, “यू आर लुकिंग ब्यूटिफुल.” तुम्ही लगेच म्हणता, “ईव्हन यू आर लुकिंग ब्यूटिफुल.” तुमच्या मनात असतं ‘तू पण छान दिसतेयस’. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला मात्र ऐकू येतं, ‘आज चक्क तूसुद्धा छान दिसतेयस!’ कौतुक करायला जावं आणि टोमणा मारून यावं, असं या एका शब्दामुळे होतं.

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा चुकणारा ‘ईव्हन’ हाच. मुळाशी आपली ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ ही अव्ययं आहेत. ती दोन कामं करतात. ‘मीही येतो’ म्हणताना नुसती भर पडते: बाकीचे येताहेत, त्यांत मी. ‘एकही आंबा उरला नाही’ म्हणताना मात्र अपेक्षेला धक्का असतो: निदान एक तरी उरायला हवा होता. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. भर घालायला ‘टू’, ‘ऑल्सो’, ‘ॲज वेल’. ‘ईव्हन’ फक्त धक्क्यासाठी. जे घडेल असं कुणाला वाटलं नव्हतं, तिथेच तो येतो.

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. वाक्यात ‘अगदी’ किंवा ‘चक्क’ घालून बघा. ‘हे लहान मुलालाही कळेल’ या वाक्यात ‘अगदी लहान मुलालाही’ सहज बसतं. म्हणून ‘ईव्हन अ चाइल्ड विल अंडरस्टँड धिस’ बरोबर. ‘मलाही चहा हवाय’ याचं ‘चक्क मलाही चहा हवाय’ केलं तर काहीतरी भलतंच वाटतं, जणू तुम्ही जन्मात चहा घेतला नाही. मग तिथे ‘आय वॉन्ट टी टू’.

नकारार्थी वाक्यात जास्त सांभाळा. ‘मलाही माहीत नाही’ याचं ‘ईव्हन आय डोन्ट नो’ केलंत, तर अर्थ होतो ‘माझ्यासारख्या जाणकारालाही माहीत नाही’. प्रोजेक्टचा प्रमुख डेडलाइनबद्दल असं म्हणाला तर ते चोख इंग्रजी आहे. कालच रुजू झालेल्या मुलाने म्हटलं तर समोरचा चमकतो. त्याला म्हणायचं असतं ‘आय डोन्ट नो आयदर’. नकारात ‘टू’ची जागा ‘आयदर’ घेतो, हे पाठच करून टाकावं. आपापसांत ही चूक कुणी दाखवत नाही, कारण हिंदी, गुजराती बोलणारेही तसंच बोलतात आणि सगळ्यांना सगळं समजतं. अडचण येते ती परदेशातल्या क्लायंटला मेल लिहिताना.

जरी आणि तरीची गाठ

‘तो आजारी असूनही आला’ याचं ‘ईव्हन ही वॉज इल, ही केम’ असं भाषांतर सर्रास ऐकू येतं. एकटा ‘ईव्हन’ दोन वाक्यं जोडू शकत नाही. त्याला ‘दो’ किंवा ‘इफ’ची सोबत लागते: ‘ईव्हन दो ही वॉज इल, ही केम’.

या दोघांत कोणता घ्यायचा, याचं उत्तर मराठी क्रियापद देतं. ‘पाऊस पडला तरी आपण जाऊ’: पाऊस अजून पडलेला नाही, पडेल की नाही ठाऊक नाही. इथे ‘ईव्हन इफ इट रेन्स’. ‘पाऊस पडत असूनही आम्ही गेलो’: पाऊस खरोखर पडत होता. इथे ‘ईव्हन दो इट वॉज रेनिंग’. नुसतं ‘जरी’ दिसलं की ‘ईव्हन दो’ लिहून मोकळं होण्याची सवय शाळेतच लागते, आणि न घडलेली गोष्ट घडल्यासारखी सांगितली जाते. नोकरीच्या अर्जात ‘ईव्हन दो आय ॲम नॉट सिलेक्टेड’ लिहिणारा उमेदवार स्वतःच निकाल जाहीर करतो. त्याला ‘निवड झाली नाही तरी’ म्हणायचंय, म्हणजे ‘ईव्हन इफ’.

आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, म्हणून इंग्रजीतही दुसऱ्या भागात ‘बट’ येतो: ‘ईव्हन दो ही वॉज इल, बट ही केम’. तो ‘बट’ काढून टाका. जोर हवाच असेल तर ‘स्टिल’ चालतो: ‘ही स्टिल केम’.

वर्तमानपत्रांतला ‘ईव्हन ॲज’ मात्र वेगळा. त्याचा अर्थ ‘त्याच वेळी’. एकीकडे चर्चा सुरू असतानाच दुसरीकडे गोळीबार चालू राहिला, अशा बातमीत तो असतो. बातमीचं भाषांतर करताना तिथे ‘जरी’ घातलं की मूळ अर्थ बदलतो.

जागा कुठली?

आपला ‘सुद्धा’ शब्दाच्या मागे चिकटतो: ‘फोनसुद्धा केला नाही’. ‘ईव्हन’ पुढे उभा राहतो, आणि सहायक क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये: ‘ही डिडन्ट ईव्हन कॉल’. ‘ही ईव्हन डिडन्ट कॉल’ कानाला खटकतं.

तुलनेत आला की ‘सुद्धा’ विसरा. ‘नागपूर इज ईव्हन हॉटर’ म्हणजे नागपूर त्याहूनही गरम. ज्याच्याशी तुलना करताय तेही गरमच आहे, हे त्यात गृहीत असतं. महाबळेश्वरशी तुलना करताना नुसतं ‘हॉटर’ म्हणा.

मूळ अर्थ

हे सगळं ज्यातून निघालं तो अर्थ सपाटपणाचा. जुन्या इंग्रजीत ‘एफेन’ म्हणजे समतल, आणि जर्मन भाषेत ‘एबेन’ आजही ‘सपाट’ आणि ‘नेमका’ असे दोन्ही अर्थ बाळगून आहे. समतलावरून समान, समानावरून नेमका, आणि नेमकेपणावर भर देता देता आजचा ‘सुद्धा’.

इथे ‘ईव्हन’, ‘लेव्हल’ आणि ‘फ्लॅट’ यांची सरमिसळ होते. पावडर मारलेला गुळगुळीत कॅरम बोर्ड डोळ्यांसमोर आणा. पृष्ठभागावर उंचवटा नाही, खळगा नाही, म्हणून तो ‘ईव्हन’. टेबलाचा एक पाय आखूड असल्याने बोर्ड कलला आणि सोंगट्या एकाच बाजूला ओढ घेऊ लागल्या, तर तो ‘लेव्हल’ नाही. ‘ईव्हन’ मात्र अजूनही आहे. पाणसळ ‘लेव्हल’ तपासते. रोजच्या बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या हद्दीत शिरतात, पण कंत्राटदाराला इंग्रजीत तक्रार लिहिताना फरशी उंचसखल बसली आहे की उताराची झाली आहे, हे नेमकं लिहा. दोन्हींची दुरुस्ती वेगळी. रंगाचा हात एकसारखा बसला तर तोही ‘ईव्हन’ कोट. त्याला ‘फ्लॅट’ म्हटलंत तर रंगारी बिनचमकेचा रंग समजेल.

समानतेच्या अर्थाने क्रिकेटच्या कॉमेंटरीत ‘ऑनर्स ईव्हन’ येतं: दिवसअखेर पारडं कुणाकडेच झुकलेलं नाही. धंद्यात ‘ब्रेक ईव्हन’ म्हणजे ना नफा ना तोटा. गणितात ‘ईव्हन’ म्हणजे सम, आणि शून्यही समच. त्याला दोनने भागलं की बाकी उरत नाही. ‘ईव्हन’ला ‘ईक्वल’ समजून ‘ईव्हन नंबर ऑफ बॉइज अँड गर्ल्स’ लिहू नका. त्याचा अर्थ एकूण मुलंमुली सम संख्येत आहेत एवढाच. दहा मुलगे आणि दोन मुली असल्या तरी ते खरंच ठरेल.

पैशांच्या व्यवहारात एक धोका आहे. सगळं देणंघेणं मिटल्यावर ‘वी आर ईव्हन’ म्हणजे आपली फिट्टंफाट झाली. पण ‘आय विल गेट ईव्हन विथ यू’ ही सरळ सूडाची धमकी आहे. उसने घेतलेले पैसे पगार झाल्यावर परत करायचे असतील, तर ‘आय विल रिटर्न युअर मनी आफ्टर पेडे’ एवढंच लिहा.