प्रीॲम्पचा गेन स्वतः मोजा, मगच दुरुस्ती लावा

प्रीॲम्प म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारं उपकरण, आणि तो सिग्नल कितीपट मोठा होतो तो गेन. प्रीॲम्पच्या डबीवर ‘गेन १००’ छापलेलं असतं, पण तो आकडा मधल्या फ्रिक्वेन्सीचा असतो आणि तोही ढोबळ. दोन टोकांना गेन उतरतो, शिवाय नगानगाला फरक असतो. त्यामुळे प्रत्येक नगाचा गेन वेगळा मोजावाच लागतो आणि वाचनाला त्यानुसार दुरुस्ती लावावी लागते.

प्रीॲम्प बॅटरीवर चालवा आणि मोजणीआधी अर्धा तास चालू ठेवा.

खरी अडचण इनपुटची आहे. गेन १०० असेल तर आत फक्त १० मिलिव्होल्ट द्यायचे असतात, आणि इतका बारीक एसी साध्या मीटरवर नीट मोजता येत नाही. ‘सिग्नल जनरेटरच्या (चाचणीचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावरचा आकडा घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो, तो मुळीच ऐकू नका. बरेच जनरेटर ५० ओहमचा लोड धरून आकडा दाखवतात. जोडलेल्या उपकरणाचा रेझिस्टन्स त्याहून खूप जास्त असेल तर प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट व्होल्टेज निघतं.

त्याऐवजी १० किलोओहम आणि १०० ओहम एकापुढे एक जोडून डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारी जोडणी, करा; १०० ओहमवरचं व्होल्टेज प्रीॲम्पला जातं. मेटल फिल्म रेझिस्टर घ्या आणि ते इनपुट कनेक्टरला चिकटून, पत्र्याच्या डबीत बसवा. डिव्हायडरच्या वरच्या टोकाला १ व्होल्ट द्या. आत ९.९ मिलिव्होल्ट जातात आणि बाहेर पुन्हा साधारण १ व्होल्ट येतो. आता वरचं टोक आणि आउटपुट एकाच ट्रू आरएमएस (एसीची खरी परिणामी किंमत दाखवणाऱ्या) मीटरने, एकाच रेंजवर मोजा. मीटरची चूक दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून भागाकारात ती निघून जाते. आउटपुट भागिले वरचं व्होल्टेज, गुणिले १०१, हा झाला गेन.

हा १०१ डोळे झाकून धरू नका. रेझिस्टर मोजून खरं गुणोत्तर काढा. १०० ओहम मोजताना मीटरच्या वायरीच ०.२-०.३ ओहम खातात, तेवढे वजा करा. प्रीॲम्पचा इनपुट रेझिस्टन्स १० किलोओहम असेल तर १०० ओहमचे ९९ होतात, म्हणजे सरळ १ टक्का चूक. तो १ मेगाओहम असेल तर सोडून द्या.

पुढचा त्रास हमचा, म्हणजे विजेच्या लाइनमधून शिरणाऱ्या ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींतल्या गुणगुणीचा. गावात थ्री फेज आली की शिवारातले पंप एकदम सुरू होतात आणि मीटरवरचा आकडा नाचायला लागतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मग हम आणखी वाढतो. खड्ड्यात पाणी घाला आणि मोजणी थ्री फेज नसताना करा. ५०, १००, १५० हर्ट्झ टाळून ७०, १३०, ३३०, १०३०, ३३००, १०००० असे बिंदू घ्या.

तरी उरलेला हम सरळ वजा करायचा नसतो. जनरेटर जोडलेलाच ठेवून सिग्नल शून्यावर आणा आणि आउटपुट वाचा. समजा ०.२० व्होल्ट आले आणि सिग्नलसकट १.०२ होते. दोघांचे वर्ग करा, वजाबाकी करा, वर्गमूळ काढा: उत्तर १.०० येतं. सरळ वजा केलं असतं तर ०.८२ आलं असतं.

दुरुस्ती लावताना चिन्ह उलटं पडतं, हीच नेहमीची चूक. १० किलोहर्ट्झला गेन ९४ निघाला, म्हणजे ३९.४६ डेसिबल. मोजणीचं सॉफ्टवेअर ४० डेसिबल (म्हणजे गेन १००) धरत असेल तर वाचन ०.५४ डेसिबलने कमी येतं, म्हणून ०.५४ मिळवायचे. वजा केलेत तर उत्तर खऱ्यापेक्षा जवळजवळ १२ टक्के कमी पडेल. प्रत्येक बिंदूच्या दुरुस्तीचा तक्ता भरल्यावर डिव्हायडरमधून माहीत असलेलं व्होल्टेज देऊन पाहा. उत्तर तेच यायला हवं. दुरुस्ती उपकरणातही आणि एक्सेलमध्येही, अशी दोनदा लागली असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

दोन बिंदूंच्या मधली किंमत प्रमाणात काढा, शेवटच्या बिंदूपलीकडे मात्र अंदाज लावू नका. तक्त्यावर तारीख आणि खोलीचं तापमान लिहा. जानेवारीत केलेला तक्ता मे महिन्यात, खोली ४० अंशांच्या वर गेल्यावर वापरू नका. निदान ७०, १०३० आणि १०००० हे तीन बिंदू तपासा, फरक अर्ध्या टक्क्याच्या वर गेला तर सगळे बिंदू नव्याने मोजा.