केसांच्या रेघा तुटायच्या, शेवटी कारण सापडलं

टोकियोत आल्यापासून रविवारी मोकुहांगा शिकतोय, म्हणजे जपानी वुडब्लॉक प्रिंट: लाकडी ठोकळ्यावर चित्राच्या रेघा उठावदार ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं, मग त्यावरून कागदावर छापायचं. चेहरा कसाबसा जमला पण कपाळावरचे केस आले की टवके उडायचे, तीन ठोकळे वाया गेले. आधी वाटलं लाकूडच खराब, कारण मी स्वस्तातला शिना प्लायवुड वापरत होतो, मग महागातलं चेरी आणलं तरी तेच, वैताग नुसता.

शेवटी तुटलेली रेघ भिंगाखाली बघितली तर ती वर जाड आणि मुळाशी बारीक, मशरूमसारखी! म्हणजे मी सुरी रेघेच्या आत तिरकी धरत होतो, रेघ खालून पोखरली जात होती. आता सुरी उलटी कलवतो, रेघेचा पाया रुंद राहील अशी, मग थोडं बाहेरून उलट्या तिरक्यात दुसरा काप, मधली चिपटी आपोआप सुटते. वळणावर मनगट मोडण्यापेक्षा ठोकळाच फिरवायचा. दोन रेघांमधली जागाही आधी सुरीनेच, गोल पटाशी शेवटी लांबच्या मोकळ्या भागाला.

धार दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणीदगडावर, आळस केला की रेघ गेलीच. कोरण्याआधी ठोकळ्यावर चित्राचा कागद उलटा चिकटवतात, तो जास्त पांढरा वाटला तर तेलाचा एक थेंब चोळतो, खालची शाई स्पष्ट दिसते.

एदो काळात (जपानमध्ये साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) म्हणे चेहरा-केस फक्त मुरलेले कारागीर कोरायचे, कपडे-बिपडे ज्युनियरकडे. मी थेट केसांनाच हात घातला होता, काय बोलणार. काल बारा रेघा कोरल्या, अकरा शाबूत.