डायल-अप लागत नाही? आधी मोडेम ऐका

डायल-अप (फोनच्या लाइनवरून मोडेमने जोडलेलं इंटरनेट) रुसलं की पहिला हात ड्रायव्हरवर पडतो. ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका. यातून क्वचितच काही सुटतं. कॉल नेमका कुठे अडतो हे ठरवायला मोडेमचा स्पीकर पुरेसा आहे. तो गप्प केलेला असेल तर 'एटी एम१ एल२' कमांड द्या (टर्मिनल प्रोग्रॅममधून; तो कसा उघडायचा ते खाली). (कमांडची अक्षरं इंग्रजीत टाइप करायची; मधल्या जागा मोडेम मोजत नाही.) मग ऐका: डायलटोन, नंबरचे टोन, पलीकडची रिंग, शिट्टी, खरखर, शांतता. साखळी जिथे तुटते तिथेच दोष शोधायचा.

काहीच आवाज नाही. पुट्टीसारखा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, मोडेमचा कॉम पोर्ट (संगणकाची सिरियल जोडणी) निवडा, 'एटी' टाइप करून एंटर दाबा. 'ओके' आलं तर संगणक आणि मोडेम यांचं जमतंय. नाही आलं तर केबल आणि पोर्टचा नंबर तपासा. विंडोजचा एरर ६३३ (मोडेम आधीच वापरात) बहुधा पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरल्यामुळे येतो. पहिला संशय फॅक्स सॉफ्टवेअरवर घ्या. जुन्या मशीनमध्ये कॉम१ आणि कॉम३ एकच आयआरक्यू (उपकरणाने संगणकाचं लक्ष वेधायची ओळ) ४ वापरतात, कॉम२ आणि कॉम४ आयआरक्यू ३. माउस कॉम१ वर, मोडेम कॉम३ वर आणि माउस हलवला की कनेक्शन गायब, असं होत असेल तर कारण हेच.

'नो डायलटोन', म्हणजे एरर ६८०. वायर 'लाइन' लिहिलेल्या सॉकेटमध्येच आहे ना? शेजारचं 'फोन'चं सॉकेट अगदी तसंच दिसतं. ती वायर साध्या फोनला लावून टोन ऐका. टोन तुटक येत असेल (व्हॉइसमेल साठला की येतो) तर मोडेमला तो ओळखता येत नाही. 'एटी एक्स३' दिल्यावर तो टोनची वाट न पाहता डायल करतो. बाहेरच्या लाइनसाठी ० लागत असेल तर ० नंतर स्वल्पविराम द्या, एकाचा थांबा साधारण २ सेकंदांचा. ऑफिसच्या डिजिटल पीबीएक्सच्या (अंतर्गत फोन एक्स्चेंजच्या) सॉकेटमध्ये मात्र मोडेम लावूच नका, जळू शकतो.

६७६ म्हणजे नंबर व्यस्त, ६७८ म्हणजे उत्तर नाही. तोच नंबर फोनवरून हाताने फिरवा. शिट्टी ऐकू आली तर नंबर बरोबर आहे.

शिट्टी येते, खरखर होते आणि 'नो कॅरिअर' (पलीकडच्या मोडेमचा सिग्नल, म्हणजे कॅरिअर, मिळत नाही). इथे बहुतेक वेळा दोष लाइनचा असतो. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबून डायलटोन घालवा आणि त्या शांततेत कान द्या. घरघर किंवा कडकड ऐकू येत असेल तर सेटिंगशी झगडून उपयोग नाही. समांतर फोन, लांब एक्स्टेन्शन, स्प्लिटर, सर्ज प्रोटेक्टर सगळं काढा. मोडेम आखूड वायरने थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा. लागला, की एकेक वस्तू परत जोडत जा. त्याच लाइनवर डीएसएल (फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) असेल तर मोडेमच्या आधीही फिल्टर हवा.

तरीही जमत नसेल तर वेग उतरवा. बऱ्याच मोडेमना 'एटी +एमएस=व्ही३४' (व्ही३४ म्हणजे सेकंदाला ३३.६ के, म्हणजे हजार बिट, इथपर्यंतचं मानक) चालतं, पण ही कमांड चिपनुसार बदलते; मॅन्युअल पाहा. ३३.६ केवर टिकणारं कनेक्शन ५० केवर तुटणाऱ्यापेक्षा बरं. ५६ के हा आकडा तसाही फक्त डाउनलोडचा, आणि वाटेत अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतर एकदाच होत असेल तरच त्याच्या जवळ जाता येतं. लाइन व्हीओआयपीची (इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनची) असेल तर कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी.७११ हवा, सायलेन्स सप्रेशन (शांततेत सिग्नल न पाठवणं) बंद हवं, आणि अपेक्षा कमी ठेवा. जी.७२९ वर मोडेमचा सिग्नल टिकतच नाही.

लागतो, पण आत घेत नाही. ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. कॅप्स लॉक पाहा. काही सेवांना युजरनेमपुढे डोमेनही लागतं. इथवर आलात म्हणजे मोडेमने आपलं काम केलं आहे, त्याला हात लावू नका. ७२० आला तर टीसीपी/आयपीची सेटिंग तपासा.

मध्येच तुटतो. दर वेळी ठरावीक मिनिटांनी तुटत असेल तर लाइन निर्दोष आहे: 'आयडल' वेळेची सेटिंग किंवा सेवेची मर्यादा पाहा. कधीही तुटत असेल तर कॉल वेटिंगची बीप संशयित. ते बंद करा, किंवा 'एटी एस१०=५०' द्या. एस१० (कॅरिअर गेल्यावर किती थांबायचं ते ठरवणारं मोडेमचं सेटिंग) सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतं. बऱ्याच मोडेममध्ये मूळ १४, म्हणजे कॅरिअर जेमतेम दीड सेकंद गेला की फोन ठेवला. ५० केल्यावर ५ सेकंद धीर धरतो. २५५ नको, मग कॅरिअर गेला तरी मोडेम फोन ठेवत नाही.

'कनेक्ट ११५२००' दिसलं तर हुरळू नका; तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग असतो, लाइनचा नव्हे.

लागू पडलेल्या कमांड विंडोजमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या जादा इनिशियलायझेशनच्या चौकटीत 'एटी' न लिहिता टाका. 'अँड एफ' (&एफ, मोडेमची मूळ सेटिंग परत आणणारी कमांड) वापरणार असाल तर ती सर्वांत आधी, कारण तिच्या आधीचं सगळं ती पुसते.