बालिंतावाक एस्क्रिमा: डाव्या हाताच्या आणि अंतराच्या या चुका टाळा

एस्क्रिमा म्हणजे फिलिपिन्सची काठीने लढायची कला, आणि बालिंतावाक ही तिची एक शैली. तिथल्या सेबू शहरात १९५२ साली वेनान्सियो ‘आन्सियोंग’ बाकोन हे दोसे पारेस या एस्क्रिमा गटातून बाहेर पडले आणि त्यांनी ही शैली उभी केली. बालिंतावाक नावाच्या रस्त्यावर, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागे सराव चालायचा, त्यावरून हे नाव पडलं. एक वेताची काठी आणि दुसरा रिकामा हात, एवढ्यावर सगळा खेळ.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो त्या रिकाम्या हाताचा. नवशिके तो छातीशी नुसता धरून ठेवतात, नाहीतर समोरची काठी दिसताच झडप घालून पकडतात. डाव्या हाताचं काम पहाऱ्याचं आहे. वार आपल्या काठीने अडवा, लगेच डाव्या तळव्याने त्याची काठी किंवा मनगट दाबा. त्याच्या पुढच्या वाराची वाट बंद होते आणि तुमची काठी उलट वाराला मोकळी होते. दाब क्षणभराचाच हवा. मूठ आवळून धरलंत, तर तुमचाच हात अडकून पडतो. समोर काठीऐवजी बोलो, म्हणजे तिथला कोयता असेल, तर पातं पकडायला गेलेली बोटं राहायची नाहीत. माझ्या मते या शैलीचा सगळ्यात धोकादायक कच्चा दुवा हाच. म्हणून अधूनमधून काठीला धार आहे असं धरून सराव करा. लक्ष आपोआप मनगटाकडे वळतं.

दुसरी अडचण अंतराची. बालिंतावाक जवळून लढायची शैली आहे. लांबून हातावर फटका मारून मागे सरकणाऱ्यापुढे जागीच उभे राहिलात, तर बोटं सुजतील. त्याचा वार हुकून पुढे गेला की त्याच क्षणी आत शिरा. आपल्याकडे मर्दानी खेळात लाठी फिरवलेल्यांना हे जड जातं, कारण तिथे घेर मोठा लागतो, इथे साधारण २८ ते ३२ इंचांची काठी आणि आखूड वार. एकापेक्षा जास्त माणसं अंगावर आली तर मात्र एकाला चिकटून राहू नका. तिथे ही शैली तोकडी पडते.

या शैलीतले बारा मूळ वार ओळीने पाठ झाले म्हणून खूश होऊ नका. जोडीदार एक-दोन-तीन याच क्रमाने मारत असेल, तर तुम्ही वार ओळखत नाही, नुसता क्रम आठवताय. त्याला सांगा, क्रम मोड, मधेच थांब, एकच वार दोनदा मार. सुरुवातीला वेग निम्म्यावर ठेवा.

मनगट दुखत असेल तर मूठ सैल करा आणि वाराला कमरेची साथ द्या.