लष्कराच्या नव्या हलक्या गाड्या ओळखताना या चुका टाळा

२०२३ च्या पावसाळ्यात नाशिक–पुणे रस्त्यावर नारायणगावच्या अलीकडे एका धाब्यापाशी गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर उभा होता आणि त्यावर हिरव्या रंगाच्या कोऱ्या स्कॉर्पिओ ओळीने चढवलेल्या होत्या. सीटवरचे प्लास्टिक तसेच होते, नंबरपाटीची जागा रिकामी होती आणि दारांवर कोणतीही खूण नव्हती. चहा निवेपर्यंत मी पुढच्या जाळीच्या खाचा मोजल्या. त्या सात भरल्या, जाळीवर महिंद्राचे जुने बोधचिन्हही दिसले, म्हणून वहीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले: ‘जुनी स्कॉर्पिओ, शिल्लक साठा’. ही नोंद चुकीची होती, आणि ती ज्या कारणाने चुकली त्याच कारणाने बहुतेक हौशी निरीक्षकांच्या नोंदी चुकतात. लष्करी गाडीची ओळख आपण तिच्या चेहऱ्यावरून करू पाहतो, आणि लष्कराच्या लेखी चेहऱ्याला फारसे महत्त्व नसते.

चेहऱ्यावर विसंबणे

ऑगस्ट २०२२ मध्ये स्कॉर्पिओ क्लासिक बाजारात आली तेव्हा तिला क्रोमच्या उभ्या पट्ट्यांची सहा खाचांची नवी जाळी आणि दोन शिखरांसारखे दिसणारे नवे बोधचिन्ह मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये लष्कराच्या बारा तुकड्यांसाठी १,४७० स्कॉर्पिओ क्लासिकची मागणी नोंदवली गेल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी १,८५० गाड्यांची भर पडली. प्रत्यक्षात लष्कराकडे आलेल्या गाड्यांवर मात्र जुनी सात खाचांची जाळी आणि जुनेच बोधचिन्ह होते. शोरूममधल्या क्लासिकचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून पाहणाऱ्याला ही गाडी ‘जुनी’ वाटणार, यात नवल नाही.

खरा फरक खाली होता. शोरूममधली क्लासिक फक्त मागच्या चाकांवर चालते, तर लष्कराच्या गाडीत चारही चाकांना शक्ती मिळते. गाडी ट्रेलरवर उंच उभी असताना वाकून पाहिले असते, तर पुढच्या चाकांकडे जाणारे दांडे आणि त्यांच्या मधला, चाकांना शक्ती वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा सहज दिसला असता. मी जाळी मोजत बसलो. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. छायाचित्र असो वा प्रत्यक्ष गाडी, आधी चाके आणि त्यांना जोडणारी आस, मग छप्पर, मग दारे, आणि चेहरा सर्वांत शेवटी. लष्करातल्या जुन्या मारुती जिप्सीच्या बाबतीत हा क्रम विशेष उपयोगी पडतो, कारण तिच्या पुढे-मागे अखंड आस असून दोन्ही पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसवलेल्या असतात. फोर्स मोटर्सची गुरखा मात्र कॉइल स्प्रिंगवर आहे. चिखलाने माखलेली, ताडपत्रीने झाकलेली आणि नंबरपाटी न दिसणारी गाडीसुद्धा चाकामागे डोकावून पाहिल्यावर या दोहोंपैकी कोणती हे सांगता येते.

आकड्यांचा अर्थ गृहीत धरणे

या विषयातला सर्वाधिक गोंधळ ‘८००’ या आकड्याने घातला आहे. ज्या देशात ७९६ घन सेंटीमीटर इंजिनाच्या मारुती ८०० ने दोन पिढ्यांना मोटार चालवायला शिकवले, तिथे ‘जीएस ८००’ हे नाव वाचून वाचकाने इंजिनाचा विचार करावा हे स्वाभाविकच आहे. येथे जीएस म्हणजे जनरल सर्व्हिस, अर्थात सर्वसाधारण कामाची गाडी, आणि ८०० म्हणजे तिने वाहून नेण्याचा भार, किलोग्रॅममध्ये. जिप्सी ज्या वर्गात मोडत होती तो ५०० किलोंचा. त्यामुळे ‘जीएस ८००’ हे कोणत्याही एका कंपनीच्या मॉडेलचे नाव नसून लष्कराने ठरवलेला एक वर्ग आहे, आणि त्या वर्गात वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या दिसणाऱ्या गाड्या बसू शकतात.

२०१७ मध्ये या वर्गासाठी टाटा सफारी स्टॉर्मची निवड झाली आणि ३,१९२ गाड्यांचा करार झाला. ती गाडी हार्ड टॉप, म्हणजे पत्र्याच्या पक्क्या छपराची होती. या निवडीसाठीच्या चाचण्यांत तिच्यासमोर स्कॉर्पिओच होती आणि तेव्हा बाजी सफारीने मारली होती. जी गाडी त्या वेळी मागे राहिली तीच सहा वर्षांनी हजारोंच्या संख्येने दाखल व्हावी, हा लष्करी खरेदीतला गमतीचा भाग आहे. मार्च २०२५ मध्ये फोर्स मोटर्सला २,९७८ गुरखा गाड्यांचे काम मिळाले. वर्ग तोच, ८०० किलोंचा, पण या वेळी मागणी होती सॉफ्ट टॉपची, म्हणजे वर कापडी छप्पर असलेल्या गाडीची. म्हणून एखाद्या बातमीत नुसते ‘जीएस ८०० दाखल’ असे छापले असेल, तर तेवढ्यावरून गाडी सफारी की गुरखा हे ठरवू नये. बातमीत पुढे हार्ड टॉप लिहिले आहे की सॉफ्ट टॉप, एवढे पाहिले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

सगळेच आकडे किलोग्रॅमचे असतात असेही नाही. जिप्सीच्या एमजी ४१० आणि एमजी ४१३ या नावांमधला ४ हा चारचाकी शक्तीचा निदर्शक असून उरलेले आकडे इंजिनाचे आहेत. पहिलीचे इंजिन ९७० घन सेंटीमीटरचे, म्हणजे सुमारे एक लिटरचे, आणि दुसरीचे १,२९८ घन सेंटीमीटरचे, म्हणजे १.३ लिटरचे. पुण्यात भारत फोर्जने उभ्या केलेल्या कल्याणी एम-४ या चिलखती वाहनाच्या नावातला ४ मात्र चाकांचा आहे. हे वाहन दक्षिण आफ्रिकेच्या पॅरामाउंट कंपनीच्या एम्बोम्बे ४ वर आधारलेले आहे आणि त्याच घराण्यातल्या एम्बोम्बे ६ व ८ यांना अनुक्रमे सहा आणि आठ चाके आहेत. तीन नावांतल्या आकड्यांचे तीन वेगळे अर्थ निघत असतील, तर चौथ्या नावातला आकडा अंदाजाने वाचण्यात अर्थ नाही.

शस्त्र पाहून प्रकार ठरवणे

चिलखती हलक्या गाड्यांच्या बाबतीत चूक वेगळ्या दिशेने होते. मार्च २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने महिंद्रा डिफेन्सशी सुमारे १,०५६ कोटी रुपयांचा, १,३०० वाहनांचा करार केला. हेच वाहन पुढे अरमाडो या नावाने ओळखले जाऊ लागले आणि जून २०२३ मध्ये त्याची सुपुर्दगी सुरू झाली. हे वाहन मध्यम मशीनगन, स्वयंचलित ग्रेनेड लाँचर आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे वाहून नेण्यासाठी घेतल्याचे सरकारने करार जाहीर करतानाच स्पष्ट केले होते. म्हणजे सांगाडा एकच आणि त्यावर चढणारा बोजा तीन प्रकारचा. तरीही छतावर मशीनगन दिसली की ‘अरमाडो, पहिला प्रकार’ आणि क्षेपणास्त्र दिसले की ‘अरमाडो, सुधारित प्रकार’ अशा नोंदी वाचायला मिळतात. आज मशीनगन घेऊन फिरणारी गाडी उद्या दुसरे शस्त्र घेऊन फिरू शकते. शस्त्र बदलल्याने गाडीचा प्रकार बदलत नाही. प्रकार सांगायचा असेल तर सांगाड्यात कायमचा झालेला बदल दाखवता आला पाहिजे.

याच गटातली आणखी एक सवय म्हणजे रुंद आणि चपट्या दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला ‘हमर’ म्हणणे. अरमाडो हमर नाही आणि मार्क्समनही नाही. मार्क्समन हे महिंद्राचेच, पण आकाराने लहान असे वाहन असून २६/११ नंतर ते मुंबई पोलिसांच्या ताफ्यात दिसू लागले.

१२ एप्रिल २०२२ रोजी पुण्यात बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या आवारात तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते टाटा आणि भारत फोर्ज या दोघांची वाहने एकाच समारंभात लष्करात दाखल झाली. त्या दिवसाच्या छायाचित्रांनी पुढे बरीच दिशाभूल केली, कारण टाटांचे शीघ्र कृती वाहन आणि भारत फोर्जचे एम-४ ही दोन्ही चार चाकांची, उंच आणि जाड काचांची असल्याने मथळ्यांत त्यांची अदलाबदल होत राहिली. त्याच समारंभातले टाटांचे पायदळासाठीचे संरक्षित वाहन मात्र आठ चाकांचे आहे. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संशोधन संस्थेसोबत विकसित झालेल्या व्हॅप या आठचाकी वाहनाचे ते भावंड आहे. एका बाजूची चाके मोजली की तीन वाहनांपैकी एक लगेच वेगळे काढता येते. उरलेल्या दोहोंसाठी छायाचित्राखालची ओळ पुरेशी मानू नये. ज्या वाहनाची ओळख पक्की आहे अशा दुसऱ्या छायाचित्राशी दारांची आणि खिडक्यांची मांडणी ताडून पाहावी.

पाटीवरून नको तेवढे वाचणे

लष्करी गाड्यांची नोंदणी आरटीओकडे होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० मध्ये संरक्षण कार्यासाठीच्या केंद्र सरकारी वाहनांच्या नोंदणीची वेगळी तरतूद आहे. पाटीवर वर टोक असलेला बाण असतो आणि वर्षाचे दोन आकडे असतात. हे वर्ष लष्कराने गाडी ताब्यात घेतल्याचे आहे. ते मॉडेलचे वर्ष समजणे ही फार जुनी चूक आहे. जिप्सीचे नागरी उत्पादन २०१९ मध्ये थांबले, पण लष्कराला त्यानंतरही नव्या जिप्सी मिळाल्या, त्यामुळे २०२० चे आकडे असलेली जिप्सी पाहून ‘पाटी बनावट आहे’ असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. उलट, पाटीवरची उरलेली अक्षरे जोडून इंजिन, तुकडी आणि मुक्कामाचे ठिकाण सांगणारे जे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांच्या आधारे गाडीचे मॉडेल सांगण्याचा प्रयत्न करू नये.

नव्याने आलेल्या गाडीवर पाटीच नसते, तशीच तुकडीची चिन्हेही नसतात. ही चिन्हे गाडी तुकडीकडे पोहोचल्यावर रंगवली जातात. कमांडच्या चिन्हामागे लाल-काळा-लाल आणि कोअरच्या चिन्हामागे लाल-पांढरा-लाल असे पट्टे दिसतात, पण त्यावरून गाडी कोणाची हे कळते, कोणती हे कळत नाही. पुढच्या बाजूला पिवळ्या वर्तुळात काळ्या अंकात लिहिलेला आकडा हा पुलाच्या भारवर्गाचा असतो. तो पाहून पूल सांभाळणारा जवान गाडीला पुढे सोडायचे की नाही हे ठरवतो. हा आकडा तुकडीचा क्रमांक समजून नोंदवलेला मी अनेकदा पाहिला आहे. वास्तविक ओळखीसाठी त्याचा उपयोग आहे, कारण सोळा टनांच्या आसपासचे एम-४ आणि दीड-दोन टनांची जिप्सी यांच्या वर्तुळांत एकच आकडा येणे शक्य नाही.

रंगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, म्हणून शेजाऱ्याची हिरवी थार लष्करी ठरत नाही, फार तर ती नियमबाह्य ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी जाणारी वाहने पांढरी असतात. ती वेगळा प्रकार म्हणून मोजू नयेत.

अडल्यास काय करावे

छायाचित्र समोरून घेतलेले असेल आणि बाजू दिसत नसेल, तर नोंदीत केवळ ‘स्कॉर्पिओ, पुढची जाळी सात खाचांची, पाटी नाही’ असे लिहून थांबावे. प्रकाराचा रकाना रिकामा राहिलेला चालतो, चुकीचा भरलेला चालत नाही, कारण एकाची नोंद दुसरा उतरवून घेतो आणि तिसरा त्या दोघांना दोन स्वतंत्र पुरावे समजतो. ताडपत्री टाकलेली गाडी सॉफ्ट टॉपच आहे असे धरू नये. पक्क्या छपरावरही वाहतुकीत आच्छादन घालतात, तेव्हा छपराची कड सरळ व कडक दिसते की कापड कमानींच्या मध्ये किंचित खाली झुकते, हे पाहावे. ज्या गाडीची बाजू आणि तळ दोन्ही दिसत नाहीत, तिच्या दुसऱ्या छायाचित्राची वाट पाहावी. १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात झालेल्या सेना दिन संचलनासारख्या सार्वजनिक कार्यक्रमांत याच गाड्या सावकाश, अगदी समोरून जातात, आणि त्यासाठी छावणीच्या फाटकाबाहेर कॅमेरा घेऊन उभे राहण्याची गरज पडत नाही. तसे उभे राहूही नये. माझ्या वहीतली नारायणगावची नोंद मी पुसलेली नाही. ‘शिल्लक साठा’ या शब्दांवर रेघ मारून बाजूला ‘तळ पाहिला नाही’ एवढेच लिहिले आहे.